विमान उडालं की लगेच

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. नोकरीत असताना शिस्त कंपनीची असते, आता ती माझी मलाच लावून घ्यावी लागणार. गेल्या महिन्यात मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे कंपनीने यादी लावली आणि तीत माझं नाव होतं, पण सही मी स्वेच्छेने केली. पेनसुद्धा माझंच होतं.

संकल्प : लवकर उठणे. चालायला जाणे. विमान निवडणे. बाकीचं सगळं विमान उडाल्यावर बघू.

विमानाचं असं झालं. निरोप समारंभात साहेबांनी चक्क माइकवर विचारलं, आता पुढे काय? सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, रिमोटवर उडणारं विमान स्वतःच्या हातांनी बांधणार, लहानपणापासूनचं स्वप्न आहे. टाळ्या पडल्या. आता आठवून बघतो तर लहानपणी मी पोस्टाची तिकिटं जमवायचो. पण टाळ्या खऱ्या होत्या.

४ जानेवारी, संध्याकाळ
चालायला जाणं राहिलं. खाली गेटपाशी सोसायटीचे चेअरमन खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना समारंभातलं सगळं कुठून कळलं कोण जाणे. जाता-येता विचारतात, विमान कुठवर आलं? निवडतोय असं तिसऱ्यांदा सांगणं बरं दिसत नाही. चालणं घरातच केलं. गॅलरी ते मोरी.

८ जानेवारी
अभ्यास सुरू. सगळे जाणकार एकच सांगतात : नवशिक्याने पंख वर आणि पोट खाली असलेलं विमान घ्यावं. पंख मोठे, चाल संथ. चालवणारा गोंधळला आणि त्याने हात सोडले तरी ते आपोआप सरळ होतं.

नवशिका हा शब्द मला पटलेला नाही. विमा कंपनीत माझं अख्खं आयुष्य क्लेम विभागात गेलं. माझ्या टेबलावरून एकही फाइल त्रुटी निघाल्याशिवाय पुढे गेली नाही. कधी सही जुळायची नाही, कधी तारीख. एकदा तर एका माणसाचं सगळं बिनचूक होतं, तेव्हा फॉर्म दोन वेगळ्या शायांनी भरलाय अशी शंका मी काढली होती. अशा माणसाने विमान घेताना घाई का करावी?

११ जानेवारी
छाननी.
फोमचं विमान : टीव्हीच्या खोक्यात येतो तोच फोम. नामंजूर.
तयार विमान : मग बांधायचं काय? नामंजूर.
लाकडी, वर पंखांचं : यात पंख रबरबँडने अंगाला बांधायचे असतात. रबरबँड! प्रलंबित.
जुनं लढाऊ विमान, खाली पंख, नाकावर दात रंगवलेले : मनात भरलं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, हे पहिल्याच दिवशी नाकावर पडेल. त्याला माझा स्वभाव माहीत नाही. फोन ठेवला.

१५ जानेवारी
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलांना मशिनं पुरवतो, धंदा जोरात आहे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळायला त्याला एक मुरलेला माणूस हवाय. भाऊजी, तुम्ही कधी येताय, असं त्याने सरळ विचारलं. हिने माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. ती इस्त्री करत होती, ती थांबवून बघितलं.

मी म्हणालो, विमान उडालं की लगेच. दुसऱ्याच दिवशी. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मेहुण्याने टाळी दिली आणि म्हणाला, ठरलं, खुर्ची राखून ठेवतो.

शब्द दिल्यावर फार हलकं वाटलं. विमान अजून निवडलेलं नाही.

१६ जानेवारी
आईला सांगायला हवं. ती रोज सकाळी अजून माझ्या ऑफिसच्या शर्टाला इस्त्री करून तो दाराच्या खुंटीला टांगते. मी संध्याकाळी तो तसाच कपाटात ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती तोच काढून पुन्हा इस्त्री करते. कॉलर आता पुठ्ठ्यासारखी झाली आहे. तिला म्हटलं, आई, गरज नाही. ती म्हणाली, इस्त्री तापली की काहीतरी हवंच ना खाली.

२ फेब्रुवारी
छाननी चालू. घाई नाही. हिने लॅबमध्ये जादा ड्यूटी घेतली आहे. रक्ताचे नमुने बघून बघून तिचे डोळे लाल होतात. मी तिला म्हटलं, एवढं करू नकोस. ती भाकरीचं पीठ मळत राहिली. या घरात माझ्याशी हल्ली कमी बोललं जातं. एकाग्रतेसाठी ते चांगलंच.

९ फेब्रुवारी
धक्का. हिने परस्पर दुकानदाराला फोन केला. ज्याने आयुष्यात कधी काही बांधलं नाही अशा माणसाला तुम्ही काय देता, असं विचारलं म्हणे. खोकं आज आलं. लाकडी, वर पंखांचं. रबरबँडवालं.

मला न विचारता, असं म्हणालो. ती म्हणाली, तू विमानाचाही क्लेम नामंजूर करत बसलायस. आता निवड झाली. बांध.

शांतपणे विचार केला. निवड शेवटी माझीच म्हणायची, कारण मी खोकं परत पाठवलं नाही.

१० फेब्रुवारी
खोकं उघडलं. आत काड्या. नुसत्या काड्या, आणि एक मोठा नकाशा. पुन्हा बंद केलं.

२० फेब्रुवारी
काम जोरात. मागच्या खोलीत टेबल लावलं आहे. पंखाच्या फासळ्या एकेक चिकटवायच्या असतात. गोंद वाळेपर्यंत काहीच करता येत नाही, ही पद्धत मला फार आवडली. नकाशात लिहिलंय थोडा वेळ वाळू द्या, मी आठवडाभर देतो. आई दुपारी येऊन बसते आणि फासळ्या चिमटीत धरते. मी झोपलो की तीच पुढच्या चिकटवते. हे मी तिला बंद करायला सांगणार आहे. अशाने काम संपेल.

१ मार्च
मेहुण्याचा फोन. खुर्चीसाठी दुसरा एक जण रोज चकरा मारतोय म्हणे, पण भाऊजींचा शब्द म्हणजे शब्द. महिनाअखेरपर्यंत थांबतो. मी म्हटलं, विमानाला घाई चालत नाही, तुझ्या मशिनांचं तुला कळतं, हे माझं क्षेत्र. फोननंतर एक फासळी उलटी चिकटवली. गोंदाचा वास असावा.

७ मार्च
पंखावर चढवायचा निळा प्लॅस्टिकचा कागद इस्त्रीने चिकटवतात! उष्णतेने तो ताणून बसतो. मी सुरुवात केली आणि एका फासळीवर भोक पाडलं. आईने माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली. आधी पाणी शिंपडायला निघाली होती, तेवढं मी अडवलं. मग तिने पंख शर्टासारखा केला : आधी कडा, मग पाठ, शेवटी टोकं. एक सुरकुती नाही. संध्याकाळी ही दारात उभी राहून बराच वेळ पंखाकडे बघत होती. हसली. गेल्या कित्येक दिवसांत हसली नव्हती.

विमान जवळजवळ तयार. नकाशा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

१२ मार्च
आज आतली मोटार, बॅटरी, रिमोट जोडून चाचणी घेतली. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीची पट्टी वर जायला हवी. ती खाली गेली. पुन्हा ओढली. पुन्हा खाली. म्हणजे वर न्यायला गेलो की विमान जमिनीत घुसणार.

गंभीर तांत्रिक दोष. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे चिंतेचा.

सगळ्यांना जेवताना सांगितलं : उड्डाण अनिश्चित काळासाठी स्थगित. परदेशातल्या कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागेल. उत्तर यायला खूप वेळ लागतो. मी स्वतः अशा जागेवर बसून उत्तरं दिली आहेत. ही ताट तसंच ठेवून उठली.

१९ मार्च
आज दूध संपलं म्हणून मी आणायला निघालो. चप्पल घातली, लिफ्टपर्यंत गेलो. खालून चेअरमनांचा आवाज ऐकू आला. परत आलो. चहा कोराच प्यायलो. कोरा चहा पचायला बरा.

खरं लिहायचं तर गेटचं काही नाही. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी, कुठे बसायचं हे कोणी सांगेपर्यंत उभं राहावं लागतं. सगळे बघतात. या वयात. आणि बसायला जागा मिळाली, काम जमायला लागलं, आणि मग त्यांनीही एक दिवस यादी लावली तर? भिंतीवरची ती पहिली यादी मी सगळ्यांच्या मागे उभा राहून वाचली होती. माझ्या आधी इतरांना माझं नाव सापडलं. ते आपोआप बाजूला सरकले, मला नीट दिसावं म्हणून.

वरचा मजकूर खोडायचा आहे. खोडरबर सापडत नाही.

२८ मार्च, सकाळ
रविवार. महिना संपत आला. मला ताप आहे. थर्मामीटर बिघडलेलं आहे, ते नॉर्मल दाखवतं. मेहुणा गाडी घेऊन आला आणि ही, आई, तो असे तिघं विमान घेऊन मागच्या मैदानावर गेले. तिथे रविवारी विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब जमतो म्हणे, त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते नवख्यांना शिकवतात. मी सांगितलं, दोष आहे, पडेल, आईच्या इस्त्रीचं वाटोळं होईल. ही म्हणाली, पडलं तर पडलं. तू झोप.

पडणारच आहे. वाईट वाटतं, पण माझा इलाज नाही.

२८ मार्च, दुपार
गॅलरीतून मैदान दिसत नाही, मधे शाळेची इमारत आहे. त्या इमारतीच्या गच्चीमागून निळं काहीतरी वर आलं.

मी खुर्चीवर चढलो. ते डावीकडे वळलं, कलंडायला लागलं, आणि मी ओरडलो, सोड, हात सोड. चौथ्या मजल्यावरून. ते आपलं आपण सरळ झालं आणि शाळेवरून एक मोठी फेरी मारून गेलं. ऊन पंखातून आरपार येत होतं. फासळ्या दिसत होत्या, माझ्या आणि आईच्या. माझ्या जरा वाकड्या. मला रडू आलं. इतकं सुंदर काही मी आजवर हातांनी केलेलं नाही.

मग शब्द आठवला. खुर्चीवरून उतरलो आणि तिच्यावर बसलो.

२८ मार्च, संध्याकाळ
दोषाचं काय केलं, हे पहिलं विचारलं. डॉक्टरांनी रिमोटवरचं एक बटण उलटं सरकवलं. दिशा बदलायला तिथे बटणच असतं. त्यांना म्हणे बोलता बोलता दिसलं.

चेअरमनही मैदानावर गेले होते. येताना जिन्यात सगळ्या मजल्यांना सांगत आले. मेहुण्याने नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवून दहा बोटं दाखवली, म्हणजे उद्या सकाळी दहा, आणि तो गेला. आई थेट इस्त्रीपाशी.

ही माझ्या शेजारी बसली. रिमोट तिच्याच हातात होता म्हणे. म्हणाली, "वर गेल्यावर मी घाबरले. दोन्ही हात सोडून दिले. तर सरळ झालं रे ते. चांगलं बांधलंयस."

मी म्हटलं, पंख वर असले की तसं होतंच, त्यात माझं काही नाही.

"तुझं आहे," ती म्हणाली. "आणि ताप नाहीये तुला."

२९ मार्च, सकाळ
विमान कपाटावर ठेवलंय. पहाटेपासून त्याला त्रुटी शोधतोय. एक चाक किंचित तिरकं आहे. हिला दाखवलं, ती म्हणाली, काल नीट उतरलं ना. आंघोळीला पाणी काढलंय. शर्ट खुंटीला.

ताप पुन्हा पाहिला. नॉर्मल.

खाली मेहुण्याचा हॉर्न. चेअरमन खुर्ची टाकून बसलेले दिसतात. आज त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही, पण ते विमानाचं विचारणार नाहीत.

थोडं सविस्तर लिहायचं होतं. पण माझं पेन आईने आधीच शर्टाच्या खिशाला लावून ठेवलंय. हे फासळ्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीने लिहितोय, आणि हॉर्न पुन्हा वाजतोय.