लाल झाकणाचा डबा

अ‍ॅशबर्न, अमेरिका
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय राधा,

जयभीम. काल सगळ्यात आधी राजाराम आला, तोही सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी. माझे केस ओले, पोह्यांना फोडणी नाही, आणि हा दारात उभा. "काकू, लवकर नाही ना आलो?" आता काय म्हणायचं बाई! म्हटलं, नाही रे, पोहेच उशिरा होताहेत. राजाराम म्हणजे माझ्या भूषणच्या ऑफिसातला, आपल्या वर्ध्याकडचा. पोटभर खातो आणि डबा भरून नेतो, म्हणून मला आवडतो.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस, की नुसतं कपाटात ठेवलंस?

आपल्या नातीचं, सावनीचं तर काय सांगू! पोरगी कॉलेजच्या पिस्तुलाच्या टीममध्ये आहे. कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा असतो. मागच्या महिन्यात दुसरी आली. तिचा तो भोकं पडलेला कागद मी माझ्या पलंगाच्या वर लावलाय. सून, उपासना, हसते. हसू दे. आपल्या घरात कोणाच्या हाताला एवढी स्थिरता होती, तू सांग.

पण त्यापायी या घरात महिनाभर जे चाललंय, त्यानं माझं डोकं पिकलं. विकतची काडतुसं महाग, म्हणून भूषण गॅरेजमध्ये स्वतःच भरतो. वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, त्यात बारूद मोजून घालायचा, वर गोळी बसवायची. एवढंच असतं तर ठीक. पण बारूद कुठला घ्यायचा, यावरच याची गाडी अडलेली. जेवताना तेच, भाजी आणायला जाताना तेच. "आई, हा स्वच्छ जळतो, पण मापात नीट पडत नाही. तो मापात छान पडतो, पण काजळी फार." अरे, माझ्या पुढ्यात वरण आहे, ते तरी जाऊ दे घशाखाली!

ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंय बघ. ठिपक्यावर मारायची काडतुसं जरा हलकी भरतात, हात उडू नये म्हणून. हलकी भरली की काही बारूद पुरते जळत नाहीत. धूर होतो, नळीत काजळी धरते, अर्धे कच्चे दाणे मागे राहतात. आपल्या रॉकेलच्या स्टोव्हची वात खाली केली की कसा भगभगायचा आणि पातेली काळी करायचा, तसंच. भूषणचा जुना बारूद, पांढऱ्या झाकणाच्या डब्यातला, असाच होता. सावनीची बोटं काळी, उपासनाचे टॉवेल काळे. उपासना म्हणाली, "मी काय टॉवेल धुवायला एमटेक केलं?" तिचं काही चुकलं नाही.

मग राजारामनं लाल झाकणाचा अर्धा डबा दिला. हा वापरून बघ, धूर नाही, म्हणाला. काल त्याचाच निकाल लावायला सगळे जमले होते. राजारामनंतर कॅरलबाई आल्या. सत्तरीच्या आहेत, माझ्याएवढ्याच, सावनीला शिकवतात. पोहे खाल्ले, हिरवी मिरचीसुद्धा चावली, आणि गॅरेजमध्ये उभ्या राहून दोन तास बोलल्या. शेवटी लाल झाकणावर सगळ्यांचं एकमत झालं. भूषणनं त्यांच्यासमोरच त्यातून पन्नास काडतुसं भरली. एकेकाचं माप काट्यावर बघत होता, सोनार बघतो तसा.

मध्येच त्यानं विचारलं, "माझा पांढऱ्या झाकणाचा डबा कुठे गेला? उपासना, तू फेकलास ना?" ती म्हणाली, "मी तुमच्या गॅरेजात पायसुद्धा ठेवत नाही." पाहुण्यांसमोर दोघं तेवढ्यावर थांबले, पण कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत. इकडून तिकडे निरोप मीच नेते. "त्यांना सांगा चहा झालाय." "तिला सांग मला नको."

राधा, हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण इथे फोन स्पीकरवर असतो, सगळं घर ऐकतं.

तो डबा माझ्याकडे आहे. साड्यांच्या खाली. त्यात मी बटणं ठेवलीत.

शुक्रवारी पाहुणे येणार म्हणून गॅरेज आवरलं. फळीवर दोन डबे, दोन्हीत थोडं थोडं, दोन्ही करडे, खसखशीएवढे चपटे दाणे. आपली आई नाही का तुरीच्या दोन डब्यांतलं उरलेलं एकात करायची, जागा होते म्हणून? माझा हात तसाच गेला. पांढऱ्यातलं लालमध्ये ओतलं, चांगलं हलवून सारखं केलं, पांढरा डबा घासून घेतला. फळीवर जागा झाली. मला इतकं बरं वाटलं!

आणि काल कॅरलबाई बोट उचलून सांगत होत्या, राजाराम माझ्यासाठी मराठीत सांगत होता. समोर एका वेळी एकच डबा. बारूद त्याच्याच डब्यात राहिला पाहिजे. एकात दुसरा चिमूटभरसुद्धा नाही, कारण प्रत्येकाचं माप निराळं आणि भेसळीला मापच नाही. पिस्तूल हातात फुटू शकतं, म्हणाल्या. मी चिवड्याची बशी घेऊन उभी होते. ती टेबलावर ठेवली आणि आत आले.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही बोललीस? मागच्या खेपेला मी त्याचा वजनाचा काटा चिकट झाला म्हणून नळाखाली धुतला. बिघडला तो. तेव्हा भूषण म्हणाला, "आई, तू आलीस की माझ्या घरात मलाच काही सापडत नाही." हसत म्हणाला, पण म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं त्यानं माझं तिकीट काढलं नाही. या वेळी सावनीनं हट्ट केला म्हणून आले. पुन्हा बोलावलं नाही तर?

आज पाचला सावनी हॉस्टेलवरून येतेय, ती पन्नास काडतुसं न्यायला. बुधवारी तिचा सराव आहे. आता साडेतीन झालेत.

हे लिहिलं आणि वर वाचून बघितलं. तिचा हात, राधा. खाली जाऊन येते.

आले.

भूषण गॅरेजमध्येच होता, काडतुसांच्या पेटीवर तारीख लिहीत. म्हटलं, "लाल डब्यात पांढऱ्यातलं ओतलं मी. शुक्रवारी."

"किती?"

"दोन मुठी असेल."

त्यानं पेटी जवळ ओढली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, ओरड बाबा, एकदाचा ओरड.

"आवरलंस त्याचं काही नाही, आई. माझी चूक, तुला कधी समजावलं नाही. पण काल ऐकलंस आणि दिवसभर गप्प बसलीस? तिकडे मी उपासनाला बोललो."

मी पेटीचं झाकण उघडलं.

मग आम्ही दोघं बसलो. प्लास्टिकचा हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवून ठोकायचं, की गोळी निराळी, बारूद निराळा, पुंगळी निराळी. तो ठोकत होता, मी पुंगळ्या लावून ठेवत होते. नंतर त्यानं मला जाडा पेन दिला, "तूच लिही." मी लाल डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, भेसळ, वापरू नये. चौथीपर्यंतचं शिक्षण कामी आलं. तो आता टाकायचा कसा, ते कॅरलबाईंना विचारणार आहे. उपासनाला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही कशाला? त्यांनी म्हणावं." तेही म्हणून झालंय. चहा आता निरोपाशिवाय जातो.

सावनी पाचला आली. सगळं ऐकलं, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, यू आर बॅन्ड फ्रॉम द गॅरेज." मग उरलेली अकरा तिनं ठोकली. एकही हुकलं नाही.

राजाराम नवा, सील न फोडलेला डबा आणणार आहे, कॅरलबाईही येणार. त्यांना मी स्वतः सांगेन, सावनीकडून इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करून घेतलीत. येत्या शनिवारी, बावीस तारखेला, दहाला येतो म्हणालेत. राजाराम म्हणजे सव्वानऊ. पोहे आधीच करून ठेवीन.

तुझी,
बटणं आता ताटलीत ठेवणारी,
ताई