सावलीत सुकवलेली आमसुलं

लालबाग,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पांना,
अनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून आईला वाटेल, हिला काय झालं! काही झालेलं नाही. फोनवर तुम्ही 'बरा आसय' म्हणता आणि लगेच आईच्या हातात देता. पत्र काही तसं देता येत नाही, म्हणून लिहितेय.

आईचे गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. समोरच्या मीराबाई तुमची चौकशी करतात. चाळीच्या गॅलरीत तुम्ही लावलेला ओवा तगला आहे. मी पाणी घालायला विसरते, तरी तगला आहे.

काल लॅबमध्ये मासा ताजा आहे की नाही ते रंगाने सांगणारी आमची पट्टी पहिल्यांदा नीट जमली. बांगड्याच्या पाकिटात ठेवली, सकाळी तांबडी होती, मासा खराब व्हायला लागला तशी निळसर करडी पडली. मला एकदम तुमचा लॅबमधला पहिला दिवस आठवला. 'कापूस खंय हा? कापसाशिवाय सूत कसला?' मग मी सुईतून निघणारा धागा दाखवला. आमसुलाचा रंग भलता नाजूक, उजेड लागला की मेला, म्हणून तो घट्ट द्रावणात मिसळायचा आणि विजेने ओढून केसाहून बारीक धाग्याच्या पोटात बंद करायचा. तुम्ही वाकून किती वेळ बघत होतात. नंतर आमच्या लॅबप्रमुख नॉर्मा मॅडमना म्हणालात, 'तीस वर्सां सूत कातलंय, पण असला नाय बघूक.' मॅडम अजून ते सांगतात.

लहानपणी तुम्ही गिरणीतल्या पहिल्या पाळीहून यायचात तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. मी तो चिमटीने काढायचे आणि तुम्ही डोळे मिटून बसायचात. तुटलेल्या सुताला दोन बोटांनी पीळ देऊन सांधा कसा लावायचा, तेही तेव्हाच शिकवलंत. कॉलेजात मला कुणी असं शिकवलं नाही.

आता फेब्रुवारीचं बोलते. मोठी चाचणी होती, आणि तुम्ही डबा घेऊन आला होतात. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले तेवढ्यात धागा तुटायला लागला. तुम्ही गिरणीत करायचात तेच केलंत, जमिनीवर पाणी मारलंत, ओला टॉवेल खिडकीला टांगलात. 'सुक्या हवेत सूत रवणा नाय,' म्हणालात. कापसाचं खरं आहे ते, सुक्या हवेत तो तुटतो. आमच्या धाग्याचं उलटं, ओल लागली की तो वाळत नाही, त्याच्या गाठी होतात. शिवाय शेजारी वीस हजार व्होल्टचं मशीन! तेव्हा पाणी मारणं चूकच होतं अप्पा, ते मी सोडत नाही.

पण मी सगळ्यांसमोर ओरडले. 'ही गिरणी नाही! कुणी सांगितलं होतं हात लावायला?' तुम्ही टॉवेल उतरवलात, पिळलात, आणि डबा न उघडता घरी गेलात.

खरं सांगायचं ते पुढे आहे.

त्या संध्याकाळी मी आमसुलांचा उरलेला अर्क तपासला. धागा न केलेला, बाटलीतलाच. तोही मेलेला होता, तपकिरी, काही केल्या रंग बदलेना. आदल्या दिवशी दुपारभर ती बाटली मी खिडकीत उन्हात विसरले होते. तुम्ही पाणी मारलं नसतं तरी ती चाचणी वायाच जाणार होती. ओल काय, दोन तास एसी लावून गेली असती.

ती आमसुलं तुमची होती. मी सांगितलं होतं ना, ऊन लावू नका. म्हणून तुम्ही ती गावच्या पडवीत, सावलीत, महिनाभर उलटसुलट करत सुकवलीत. वाडीतले लोक हसले तुम्हाला. आणि मी ती उन्हात ठेवली.

मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं अप्पा. पण तोपर्यंत लॅबभर झालं होतं, 'अनुजाच्या बाबांनी पाणी मारलं.' हसत होते सगळे. मीही हसले. नऊ महिने गप्प बसले. मला लाज वाटते.

परवा शेवटी नॉर्मा मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मला काय सांगतेस गं? बापाला सांगितलंस?' मग मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. फेब्रुवारीच्या नोंदवहीत लाल पेनाने लिहिलं, बाटली माझ्या हातून उन्हात राहिली, आणि खाली सही केली.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. परळ डेपोत तुमची गावची गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, 'चुकला गे माझा.' तेव्हा मला सगळं माहीत होतं. आणि मी मोठ्या मनाने म्हटलं, 'असू दे, अप्पा.'

तुम्हाला दिलेली ती माफी मी परत घेते. ती द्यायचा मला हक्कच नव्हता. आता मीच मागतेय. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
अनू