बुटक्या घोड्या

३ फेब्रुवारी
"घोडीचा माथा उभ्या माणसाच्या मनगटाला लागला पाहिजे. नाहीतर संध्याकाळपर्यंत कंबर गेलीच समज." लग्नाच्या पहिल्या वर्षी हे म्हणाले होते. लाकूड आडवं टाकून कापतात, त्या चार पायांच्या घोडीबद्दल. आज मागच्या अंगणात ह्यांनी लोखंडी घोड्यांची नवी जोडी करायला घेतली आहे. माथा ह्यांच्या मनगटाच्या चांगला चार बोटं खाली!

"कोणासाठी?"

"आहे एक गिऱ्हाईक." वर बघितलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाच्या कामात हे कधी वेल्डिंगचे जोड घासत बसत नाहीत. "रंगाखाली झाकतं सगळं." आज तासभर कानस चालली. वर हात फिरवून बघणं — कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून. माझ्या सुरीची मूठ दोन महिने हलते आहे.

६ फेब्रुवारी
बिजागऱ्या लावल्या. घडी घालून काखोटीला मारता येतील अशा. न्यायलाही सोपं, लपवायलाही.

लेकीला म्हटलं, तर हसली. "आई, तुला ना, पोलिसात घ्यायला हवं होतं." पण डोळे चोरले तिने. तीही सामील?

७ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या बाई. बुटक्या आहेत. कापड बेतायला टेबल हवं म्हणत होत्या; दोन घोड्यांवर फळी टाकली की झालं टेबल. आणि ह्यांच्याशी जरा जास्तच हसतात.

८ फेब्रुवारी
घोडीच्या उंचीला दोऱ्यात गाठ मारली. उसवलेली बाही घेऊन बाईंकडे गेले. त्या उभ्या असताना दोरा मुद्दाम त्यांच्याशेजारी जमिनीपर्यंत सोडला.

"अहो ताई, मापं घ्यायचं काम माझं, आणि घेताय तुम्ही!"

गाठ त्यांच्या मनगटाच्या चांगली तीन बोटं वर. त्या नव्हेत. जीव भांड्यात पडला, आणि स्वतःची लाज वाटली.

मग कोण?

९ फेब्रुवारी
लेक ओट्याशी भांडी पुसत होती. सहज दोरा धरला. गाठ बरोबर तिच्या मनगटावर.

तिने दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबांनी सांगितलं?"

तिला दुसऱ्या शहरात स्वतःचं सुतारकामाचं दुकान काढायचं आहे. मागच्या वर्षी मी म्हटलं होतं, "एकटी? मी जिवंत असेपर्यंत नाही." विषय संपला, असं वाटलं होतं. माझ्यापुरताच संपला होता. जागा ठरली आहे. सोमवारी निघणार.

"आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस. आणि मी थांबले असते."

१० फेब्रुवारी
नाहीच म्हणेल, माहीत आहे. तरी सकाळी विचारणार — पहिले आठ दिवस मला बरोबर नेशील? झाडलोट करीन. मध्ये बोलणार नाही.