वेबसाइटमागची शेवग्याची पानं

अप्पा, तुमची शेवग्याची पानं आज काढून टाकली. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मी नेमकं काय करते, हे तुम्हाला कितीदा सांगितलं असेल. वेबसाइटवर अक्षरांच्या मागे नक्षी असते, ती मी करते. एक लहान चौकोन, तोच शेजारी शेजारी लावत गेलं तरी सांधा दिसू नये असा. "म्हणजे मागचं. पुढचं दुसरं कोण करतंय गे?" तुम्ही विचारायचात, आणि मला हसूही यायचं, रागही. मग तुमची केमो सुरू झाली आणि मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावरच बसू लागले. एक सकाळ अजून तशीच डोळ्यांपुढे आहे. तुम्ही समोर बसून अडैच्या डाळीच्या पिठात घालायला शेवग्याचा पाला निवडताय, पेपरवर हिरवा ढीग झालाय. घरपोच पालेभाजी देणाऱ्या एका दुकानाची वेबसाइट माझ्याकडे आलीय आणि माझी पानं काही केल्या जमत नाहीत. "दे इकडं," म्हणत तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल घेता. जन्मभर बँकेत आकडे लिहिलेला माणूस! पण एकेक डहाळी समोर धरून तुम्ही काढत राहिलात, दमलात की थांबायचात, पाणी प्यायचात, पुन्हा काढायचात.

मी ती पानं स्कॅन करून चौकोनात बसवली. उजव्या कडेला कापलं गेलेलं पान डावीकडून आत येताना पाहून तुम्ही लहान मुलासारखे हसलात. "तेच पान? तुटलं नाही?" पुन्हापुन्हा मला ते सरकवून दाखवायला लावलंत. रेषा थरथरत होत्या. त्या तशाच ठेवायचं मी ठरवलं होतं, मला त्या फार आवडल्या होत्या. पण तुमच्या लक्षात आलंच. "माझा हात कापतो ते गावाला कशाला दाखवतीस?" इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी एकेक रेषा सरळ केली. मग तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "हं. आता बऱ्या माणसानं काढल्यासारखं दिसतंय."

वेबसाइट सुरू झाली तेव्हा दाखवायला तुम्ही नव्हता. नंतर इतकी वर्षं मी रोज भाजी तिथूनच मागवली. आज दुकानाची नवी मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाली, "अक्का, मागे फार गर्दी वाटते. प्लेन पांढरं करू या?" पोरगी चांगली आहे, तिला काय माहीत. मी "सरि मा", बरं गं, म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी करून दिलं. वेबसाइट उघडून पाहिली. भाज्यांचे फोटो खरंच जास्त उठून दिसत होते. डबा मात्र उघडवला नाही.

घरी यांनी विचारलं, "एन्न आच्चु?" काय झालं ते काय सांगणार? काही नाही म्हटलं. हे तमिळ, मुलं तमिळ आणि इंग्लिशमध्ये बोलणारी. मराठी आपल्या दोघांतच उरली होती. तुम्ही गेल्याचं मी सगळ्यांना तमिळमध्ये कळवलं, ऑफिसात इंग्लिशमध्ये. मराठीत ते कुणाला सांगायची वेळच आली नाही. अप्पा, खरं सांगते, "अप्पा गेले" हे मी आपल्या भाषेत अजून एकदाही तोंडातून काढलेलं नाही.