घड्यामागची फांदी

अक्रोडाचा महिना, दिवस चौथा

भरती करणारा सरदार बगपात आला! दोन गलबतं घेऊन. पर्शियाच्या महाराजाला पुन्हा कुठेतरी लढायचंय. आमच्या वाडीतून चार माणसं हवीत. तिघांची नावं लागली. चौथा माझा लेक, कोतस.

थोरला असाच गेला होता. सात वर्षं झाली. त्याचं लाकडी शिरस्त्राणसुद्धा परत आलं नाही.

देवी, हा एकच उरलाय गं.

दिवस पाचवा

सुनेला, इयाला, पहाटे कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधीच! कोतसने रीतीप्रमाणे डोक्याला फडकं बांधलं, अंथरुणावर आडवा झाला आणि कण्हायला लागला. न्यायला आलेला बगपात दारातच थबकला. कळा बायकोला, आणि निजलेला नवरा – पोट धरधरून हसला.

मी म्हटलं, "साहेब, बाळंतपणातल्या पुरुषाला उठवलं तर मूल जगत नाही. आम्हा तिबारेनी लोकांत कुणी उठवत नाही."

"कधीपर्यंत?"

"मूल होऊन त्याला न्हाऊ घालेपर्यंत. मग दाराला अक्रोडाची फांदी लागते, आणि सगळी आळी दारात येऊन हसते."

"ठीक. फांदी दिसली की तो माझा. वारा फिरेपर्यंत मी इथेच आहे."

पहारासुद्धा ठेवला नाही. आम्हाला ओळखून आहे मेला. आम्ही शत्रूशी लढायचं झालं तरी आधी जागा कळवतो, वेळ कळवतो. न सांगता हात उचलत नाही. फांदीचं खोटं कोण करणार?

दिवस सहावा

मुलगी! इवलीशी. नाक थेट थोरल्याचं. मी किती वेळ त्या नाकाकडेच बघत बसले.

न्हाऊ घातलं. फांदी कापून आणली – आणि पाण्याच्या घड्यामागे लपवली.

दिवस सातवा

पोर रडली की कोतस मोठ्याने कण्हतो. ती ट्यॅहँ करते, हा "मेलो गं आई!" म्हणून ओरडतो. इयाला हसू आवरेना, उशीत तोंड खुपसून बसली. मलाही हसू आलं. मग दोघी रडलो.

समोरची अमिया दारातूनच ओरडली, "काय गं देवीकडचे, तुझा लेक बैल जन्माला घालतोय की काय? तिसरा दिवस!" कोतससाठी पेज ठेवून गेली. आत आली नाही. बरं झालं.

दिवस आठवा

देवीकडची! लहानपणापासून तिने मला दुसरी हाक मारली नाही. मी सात वर्षांची असताना मला देवीच्या घरी ठेवलं. पहाटे गार पाण्याने तोंडं धुऊन आम्ही मुली पांढऱ्या लोकरीत रांगेने उभ्या राहायचो. मेणाचा वास. थोरल्या बाईंचा आवाज. अक्षरं तिथेच शिकले. खोटं बोललेल्या मुलीने दिवसभर तोंडात खडा धरायचा. मला तो कधीच धरावा लागला नाही. केवढा अभिमान होता त्याचा!

घरी परतले तेव्हा वाडीत कुणी बोलेना. मुलींना वाटायचं, मी शिष्ट. अमिया एकटी आली. म्हणाली, "चल, खेकडे धरायला शिकवते. देवीने शिकवलं नसेल."

दिवस नववा

बगपातने आज सांगितलं. वारा फिरेपर्यंत कोतस उठला नाही, तर त्याच्या जागी तेव्रो.

तेव्रो! अमियाचा एकुलता एक. म्हणून तर त्याला आधी वगळलं होतं. नवरा समुद्राने नेला तेव्हा तो तिच्या पोटात होता. त्याला पहिल्यांदा न्हाऊ मी घातलं होतं.

कोतस म्हणाला, "आई, फांदी लाव."

"गप नीज."

"अगं, माझ्या होडीत येतो तो रोज. मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"पोर रडतेय," मी म्हटलं. "कण्ह!"

भिंतीकडे तोंड करून कण्हला.

दिवस दहावा

फांदी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. खरंच गेले.

समोर अमिया मांदेली वाळत घालत होती. तेव्रो मागून एकेक उचलून तोंडात टाकत होता. ती टोपलीनेच त्याला मारत होती. "मेल्या, हिवाळ्यात काय दगड खाशील?" दोघंही हसत होती.

मी बघत राहिले. मग वळले. फांदी पुन्हा घड्यामागे. तिची पानं गळायला लागलीत.

दिवस अकरावा

वारा फिरला.

दिवस बारावा

तेव्रोला नेलं.

मी झरोक्यातून पाहिलं. अमिया ओरडली नाही, पाण्यात धावली नाही. गलबतं दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी. मग उरलेली मांदेली गोळा केली आणि घरात गेली.

कोतस उठला. डोक्याचं फडकं काढून चुलीत टाकलं.

आम्ही शत्रूलाही कळवतो. मी अमियावर वार केला – जागा सांगितली नाही, वेळ सांगितली नाही. तोंडात खडा धरून हे लिहितेय. या वयात. कुणी सांगितलं नव्हतं.

दिवस तेरावा

फांदी लावली नाही. कुठल्या तोंडाने लावू?

दिवस चौदावा

अमिया आली. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या मांडीवर कुंची ठेवली. बाळाची. लाल लोकर, कडेने बारीक पांढरी वेल. असलं काम दोन दिवसांत होत नाही.

"सहाव्या दिवशीच लोकर रंगवायला घातली," ती म्हणाली. "मुलगी ना? मला रडण्यावरून कळतं."

माझ्याने वर बघवेना.

"मी नव्हते सोडणार गं तेव्रोला. तोच म्हणाला, बाळंतपणातल्या माणसाला उठवायचं नसतं." कुंचीची नाडी सरळ करत राहिली. "लोकर त्यानेच पिंजून दिली."