मंजूचे हाल

मादन हिप्परगा, ता. आळंद
९ जून २०२४

ती. स्व. सत्यभामाअक्कास,
तानाजीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली विजूकडून कळते, कारण तू फोन घेत नाहीस. मंजूला जाऊन वर्ष उलटलं. तिच्याशी झालेल्या त्या शेवटच्या फोनानंतर तू फोन कानाला लावलेला नाहीस. दाजींनी पुढे केला तर तोंड फिरवतेस म्हणे. म्हणून मला पोस्टात जाऊन पाकीट मागावं लागलं. पोस्टातल्या माणसानं विचारलं, कुणाला कोर्टाची नोटीस पाठवायलाव काय. मी म्हटलं तसंच समजा, थोरल्या बहिणीला आहे.

तर नोटीस अशी की विजूचं काय चालवलंयस? पोरीचं कडगंचीच्या विद्यापीठात नाव लागलं. महिनाअखेर जाऊन पक्कं केलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि तू म्हणतेस, जिथं थोरलीचे हाल झाले तिथं धाकटीला धाडणार नाही. कारण काय, तर मंजू फोनवर "हाल, हाल" एवढंच बोलली आणि फोन तुटला.

अक्का, आपण दोघं एकाच पोरीबद्दल बोलतोय का, अशी मला शंका येते. बाविसाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा घरात रडायला येणाऱ्यांची रांग लागली होती. मंजूनं काय केलं? येईल त्या बाईपुढे सोलायला शेंगांचं सूप ठेवलं. रडायचं तर रडा, पण हात रिकामे कामून ठेवता, म्हणाली. आठवड्यात तुझं शेंगांचं पोतं सोलून झालं आणि येणाऱ्या बाया कमी झाल्या. मी गाणगापूरला नवस बोलायला निघालो, तर मला बजावलं, मामा, दत्ताला माझं आडनाव बी सांगा, न्हाईतर तिसरीच मंजुश्री बरी व्हायची. डोक्यावरचे केस गेले, तर कॉलेजच्या नाटकात टकल्या सावकार झाली, मिशी लावून. दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत माझी मोटारसायकल शिकली आणि ती घेऊन आमच्या म्हशीवर गेली. म्हैस अजून त्या गाडीला बुजते.

ही पोरगी हाल हाल करत गेली, हे मला पटत नाही. आणि पटलं, तरी त्यात विजूचा काय गुन्हा?

लोभ असू दे. राग असला तर तोही असू दे. पण उत्तर टाक.

तुझा,
तानाजी

---

चिटगुप्पा
१६ जून २०२४

चि. तानाजीस,
सत्यभामाचे अ. उ. आ.

तुझी नोटीस पोचली. अक्षर अजून तसंच हाय, मुंग्या चालल्यावानी. गुरुजी तुला उगीच मारत नव्हते.

शेंगांचं मला कशाला सांगतोस? सूप माझं, शेंगा माझ्या, पोरगी माझी. ती जगापुढं हसायची हे मलाबी ठाव हाय. तुम्ही सगळे तिचं हसणं बघून घरी जायचात. तुम्ही गेल्यावर तिचं तोंड कसं व्हायचं, ते कुणी बघितलं? जगाला हसून दाखवणारी पोर आईलाच खरं सांगते. मी या कानानं ऐकलंय. धाप लागल्यावानी आवाज होता. हाल, म्हणाली. मी म्हटलं, मंजू, काय झालं गं? परत हाल म्हणाली. मग आवाजच न्हाई. मी पुन्हा पुन्हा लावला, लागला न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटे ताप चढला. आम्ही कलबुर्गीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मला काही बोलली न्हाई. माझ्या पदरात तेवढा एकच शब्द हाय, आणि तू म्हणतोस तो तुला पटत न्हाई!

तिला घरीच ठेवू म्हणून मी किती ओरडले. डॉक्टर म्हणाले जाऊ दे, तू म्हणालास जाऊ दे, तुझे दाजी तर काय, दुकानात गिऱ्हाइकाला मान हलवतात तशी मान हलवून बसले. आता विजूच्या वेळीबी तेच. विजू इथंच राहील. दुकानात बसेल, माझ्या डोळ्यापुढं राहील. एवढं शिकून तू तरी काय मोठा झालास? नववीपर्यंत गेलास आणि बहिणीला नोटिसा धाडायलास.

गुडघ्याला तेल लावतोस का? आळस करू नको. माया हाय म्हणूनच बोलते, ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का

---

मादन हिप्परगा
२१ जून २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावतो. आता बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

परवा कडगंचीला जाऊन आलो. मंजूच्या खोलीत राहणारी शैलश्री अजून तिथंच आहे, पुढचं शिकते आहे. कन्नड घरातली पोर. मराठी तिला मंजूनं शिकवली, तीही भांडायला लागते तेवढीच. मला बघून डोळ्याला रुमाल लावला आणि पहिलं वाक्य म्हणाली, मामा, इतके दिवस कुठं मेला होता? मला राग आला नाही. मंजूचाच आवाज वाटला.

तुझ्या त्या फोनाचं तिला विचारलं. ती म्हणाली, त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्याखाली मांजर व्यालं होतं. एक पिल्लू मागं कोपऱ्यात अडकलं. मंजू अर्धी जिन्याखाली घुसली होती, दोन्ही हात पिल्लापाशी, फोन मानेत दाबलेला. धाप लागली होती ती वाकून वाकून आणि हसून. मानेत दाबलेला फोन तुझाच होता. आणि त्याच वेळी ती शैलश्रीला ओरडून सांगत होती, "हाल तगोंड बा, हाल!"

हाल, अक्का. कन्नडमधलं. दूध. दूध घेऊन ये.

चिटगुप्प्यात नांदायला गेल्यापासून रोज सकाळी दारात उभी राहून गवळणीशी कशासाठी भांडतेस? हाल पातळ आहे म्हणून! आणि पोटच्या पोरीच्या तोंडून तोच शब्द आला, तर तुला तो कळला नाही? मी त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. तुझा राग आला, फोनचा आला, मांजराचा आला. मग कळलं, मंजू तुझ्याशी कधी कन्नड बोललीच नाही. तिचा आवाज आला की तुझा कान मराठीच ऐकणार. त्यात तुझी चूक नाही. पण वर्षभर तू उराशी काय धरून बसलीस ते बघ.

शैलश्री दूध घेऊन आली, तेव्हा मंजू म्हणाली म्हणे, आईचा फोन होता, रेंज गेली, उद्या करते. हे तुला लिहावं की नाही, यावर मी देवापुढे बसून विचार केला. लिहिलं.

विजूचा आता तूच विचार कर. मी थकलो. तुझ्या मायेत तूट पडू नये, एवढंच मागतो.

तुझा,
तानाजी

---

चिटगुप्पा
२६ जून २०२४

ती. स्व. तानाजीमामांना,
विजयश्रीचा सा. न.

मामा, तुम्ही काय लिहून ठेवलंत! आईनं तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून डब्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गवळण आली, तर दारच उघडलं नाही. शेवटी बाबांनी दूध घेतलं आणि चहाही त्यांनीच केला, तो कुणालाच पिता आला नाही. संध्याकाळी आई म्हणाली, तानाजीनं त्या पोरीला पढवलं असणार, तो लहानपणापासून लबाड हाय. आता स्वतः जाऊन विचारणार आहे. उद्या मला घेऊन निघते आहे. बॅग भर म्हणाली, पण दोनच ड्रेस घे म्हणाली, परत यायचं असंल तर ओझं कशाला. मामा, मला तिथं राहायचं आहे. तुमच्या दत्ताला माझं आडनाव सांगून ठेवा.

आपली,
विजू

---

चिटगुप्पा
३० जून २०२४

चि. तानाजीस,
अ. उ. आ.

कडगंचीला जाऊन आले. शैलश्री भेटली. तू लिहिलंस तेच तिनं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानं मला आणखीच संशय आला. जिना दाखवला. मांजरबी दाखवलं, पण मांजर काय, कुठंबी असतंय.

मग मी तिला एकच विचारलं. मंजू इथं रडायची का? पोरीनं विजूकडं बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाली, व्हय अम्मा, रडायची. दवाखान्यातून सुई टोचून आली की भिंतीकडं तोंड करून पडायची, कुणाला जवळ येऊ द्यायची न्हाई. एकदा माझं ताट फेकून दिलं. मग उठून तोंड धुवायची आणि विचारायची, आज जेवायला काय हाय.

तानाजी, रडत नव्हती म्हणाली असती, तर विजूचा हात धरून त्याच बसनं परत आले असते. रडायची म्हणाली, म्हणून दुधाचंबी खरं वाटलं. मंजू अशीच होती. रडायची, आणि भूकबी लागायची. तुम्ही निम्मी धरली होती, मी निम्मी धरली होती.

विजूचं नाव पक्कं केलं. दोन ड्रेसवर पोरगी किती दिवस काढंल? बाकीचे कपडे मी बांधून ठेवलेत, ते तू येऊन ने आणि तिला पोचव. तुलाच लई हौस होती. फोन अजून कानाला लावावासा वाटत न्हाई. लावीन. मागं लागू नको.

निघताना डोळे भरून आले म्हणून फाटकापाशी थांबले, पदर सावरला, पोरीला एकदा बघून घ्यावं म्हणून मागं वळले. विजू तिथं नव्हतीच. शैलश्रीबरोबर चहाला गेली होती. आईची बस सुटेपर्यंत थांबावं, एवढंबी कळलं न्हाई. कलबुर्गीपर्यंत नुसती धुसफुसत होते. मग खिडकीला डोकं टेकलं, तर झोप लागली. कंडक्टरनं उठवलं.

कपडे न्यायला येशील तेव्हा जेवूनच जा. नुसता लोभ पत्रात धाडून मला पुरत न्हाई.

तुझी,
अक्का