कूस बदलते हं

प्रिय बडबडे,

मी पत्र लिहितेय हे पाहून तुला हसू आवरलं नसतं. चार वाक्यं बोलायला जिला दोन कप चहा लागतो, ती चक्क पत्र लिहायला बसलीय! पण मेट्रननी सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय: डोळ्यांच्या वॉर्डात कायमची राहणार, की परत आयसीयूत येणार? आणि तुला विचारल्याशिवाय मी आजवर साधी चप्पलसुद्धा घेतलेली नाही.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी किती थयथयाट केला होता! एवढी वर्षं आयसीयूत मुरलेली मी, आता लोकांच्या डोळ्यांत थेंब घालत बसू? तूच मला ढकललंस. म्हणालीस, जा गं, तिथे पेशंट बोलतात. खरंच बोलतात बाई, थांबतच नाहीत. एकाला चहा पुरेसा गोड लागत नाही, दुसरीला जावयाची गाऱ्हाणी सांगायची असतात. पट्टी काढली की त्यांना पहिल्यांदा माझंच तोंड दिसतं. एक आजोबा निरखून म्हणाले, आवाजावरून तरुण वाटला होतात! संध्याकाळी पाय दुखतात, पण मन हलकं असतं. आपल्या कामात असं सुख असतं हे मी विसरूनच गेले होते. इथेच राहावं असं फार वाटतं, तुझ्यापासून कशाला लपवू?

पण एक गोष्ट घडली. आयसीयूत पहिल्याच दिवशी तू मला शिकवलं होतंस, बेशुद्ध असला तरी माणूस आहे, हात लावण्याआधी सांगायचं. तुझी टकळी तर दिवसभर चालायची. मी आपलं एवढंच म्हणायचे, कूस बदलते हं, फार तर बरे व्हाल, घरी जाल. उत्तर कधी यायचं नाही, आणि त्याची मला सवय झाली होती. इथे ऑपरेशननंतर एका कुशीवर निजवलेल्या बाईंना तसंच म्हणून गेले. पट्टीआडून त्या म्हणाल्या, बदला की. माझ्या हातातली उशी खाली पडली.

तेव्हापासून आयसीयूत डोळे न उघडताच गेलेले आपले ते सगळे पेशंट माझ्या मागे लागलेत गं. चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. भांडी घासताना, जिना चढताना पाठीमागून कुणीतरी म्हणतं, बदला की. तो ट्रकवाला, ती बाळंतीण, ते गणिताचे मास्तर. त्यांना ऐकू येत होतं का? मग बरे व्हाल, घरी जाल, असं मी म्हणायचे तेही त्यांनी ऐकलं असेल, आणि वाट पाहिली असेल. आता घरात मी तोंडच उघडत नाही. कुणी ओ दिली तर, अशी भीती वाटते. नवरा म्हणतो, बोलण्याचा आधीच आनंद होता, त्यात आता ही भर.

आता खरं ते लिहिते. परवा तू ड्युटीवरच कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव झालाय, आणि आपल्याच आयसीयूत खिडकीजवळच्या पलंगावर तू डोळे मिटून पडली आहेस. मला भेटायला मिळतात जेमतेम दहा मिनिटं, तीही पाहुण्यासारखी. तिथल्या नव्या मुली चांगल्या आहेत, हात हलका आहे, पण मुकाट्याने काम करतात. काल एकीने तुला काही न सांगताच वळवलं. उद्या मेट्रनना सांगणार आहे, मी परत येते. डोळ्यांच्या वॉर्डातली जागा पुन्हा मिळायची नाही, असं त्यांनी बजावलंय. नाही तर नाही. आल्या आल्या हे पत्र तुझ्या कानाशी वाचून दाखवेन, कारण नुसतं बोलायला गेले तर रडू फुटेल. बरी होशील, असं मात्र म्हणणार नाही. ते आपण कुणाकुणाला म्हणायचो हे तुला ठाऊक आहे. कूस बदलते हं, एवढंच म्हणेन, आणि हात लावण्याआधी जरा थांबेन. तू ओ दिलीस तर घाबरणार नाही.

तुझीच,
मुखदुर्बळ